पांढऱ्या फडक्यावरची राय

त्या वर्षी मार्चमध्ये इर्याबाईंच्या लक्षात आलं की आपण ज्याच्याकडे बघतो, नेमकं तेच आपल्याला दिसत नाही.

कडेचं सगळं दिसायचं. खिडकी दिसायची, खिडकीबाहेरचं गोठलेलं तळं दिसायचं. पण सुईच्या टोकाकडे नजर लावली की टोक नाहीसं व्हायचं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, केस दिसायचे, मधला चेहरा पुसलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग झिजत चाललाय. थोडा थांबवता येईल, परत आणता येणार नाही. गाडी चालवू नका. नोकरीच्या ठिकाणी सांगा. तसं पत्रही दिलं.

बाई ते पत्र घेऊन गाडी चालवतच परत आल्या. साठ किलोमीटर. रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीकडे न बघता, पट्टीच्या शेजारी बघत. पत्र त्यांनी शाळेतल्या लाटण्यांच्या खणात, सगळ्यात खाली ठेवलं.

इर्या पीरोइनेन तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या. फिनलंडच्या पूर्व टोकाला, पिएलिनेन तळ्याकाठच्या स्वयंपाकशाळेत त्या सत्तावीस वर्षं शिकवत होत्या. त्याआधी गावच्या शाळेत पोरांचं जेवण रांधायच्या. नवरा, ताउनो, जाऊन सहा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. शाळा सुटली तर दिवसभर करायचं काय, इथवर त्यांचा विचार यायचा आणि इथूनच परत फिरायचा.

शिकवायच्या त्या जुनी धान्यं. जव, खपली गहू, आणि सगळ्यात जास्त राय. काळसर, बारीक, हट्टी धान्य. पोरं मैद्याला सरावलेली असत. रायचं पीठ कोपरापर्यंत चिकटलं की रडकुंडीला येत.

"अरे, कुस्ती काय खेळतोस तिच्याशी?" बाई म्हणायच्या. "राय मळायची नसते. तिची समजूत काढायची असते. हात ओला कर. आता थांब. ती काय म्हणते ऐक."

"बाई, माझी तर नुसत्या शिव्या देतेय."

"मग तूच काहीतरी केलं असशील."

पीठ आंबायचं ते त्यांच्या सासरच्या लाकडी काथवटीत. ती काथवट नव्वद वर्षांत कुणी धुतली नव्हती. मागच्या वेळचं पीठ कडांना वाळून बसलेलं असायचं आणि त्यातच पुढचं आंबवण झोपलेलं असायचं. मूठभर पीठ आणि कोमट पाणी घातलं की सकाळपर्यंत जागं. दर वर्षी पहिल्या दिवशी बाई सांगायच्या, "हिला घासणी लावलीत तर याद राखा. शाळा सोडून पळायला लावीन."

आणि पहिल्याच दिवशी त्या अरगट ही विषारी बुरशी दाखवायच्या. उन्हाळा ओला गेला की रायच्या कणसात दाण्याच्या जागी ते काळं, लांबट काहीतरी वाढतं. बाईंनी दोन तुकडे काचेच्या बाटलीत जपून ठेवले होते. बाटली हातोहात फिरायची.

"हे पोटात गेलं की हातापायांना मुंग्या येतात. जास्त गेलं की बोटं काळी पडतात. जुन्या सुइणी अडलेल्या बाईला चिमूटभर द्यायच्या, कळा याव्यात म्हणून. चिमूटभरच. म्हणून राय दळायच्या आधी काय करायचं?"

"पांढरं फडकं!" सगळा वर्ग ओरडायचा.

पांढऱ्या फडक्यावर, खिडकीच्या उजेडात, मूठ मूठ राय पसरून बघायची. एक जरी काळा दिसला तरी सगळी राय मिठाच्या पाण्यात ओतायची. चांगला दाणा बुडतो. अरगट तरंगतं. मग राय दोन दिवस वाळवायची. एवढंच. सत्तावीस वर्षांत बाईंनी हे कधी चुकवलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या एका सोमवारी उर्हो कारहापा यांचा फोन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हे गृहस्थ अजून जुन्या पद्धतीने, जंगलाचा तुकडा जाळून त्या राखेत राय पेरायचे. शाळेला राय त्यांचीच.

"इर्या, पोतं पाठवलंय शेजाऱ्याबरोबर. पण ऐक. माझं खुब्याचं ऑपरेशन झालं. यंदा मिठाचं पाणी राहून गेलं. पोराने नुसती धुराच्या खोपटात वाळवली. म्हणतो, धुराने सगळं मरतं. गाढव आहे. धुराने किडे मरतात, अरगटाला काय होतंय? तू फडक्यावर बघून घे."

"बघते, काका."

"नीट बघ हो. उन्हाळा लई ओला गेलाय."

"काका, सत्तावीस वर्षं बघतेय."

एरवी हे काम वर्ग करायचा. त्या दिवशी पोरांसमोर आपली नजर उघडी पडेल म्हणून बाईंनी एकट्यानेच करायला घेतलं. मंगळवारी सकाळी दळायचं होतं. त्यांनी खिडकीजवळ फडकं अंथरलं. मूठ पसरली. बघितलं. काळं नव्हतं. दुसरी मूठ. काळं नव्हतं. बोटांनी दाणे चाळून बघितले. बोटांवर त्यांचा फार विश्वास होता.

एकदा डोळ्याच्या कडेला काहीतरी काळं आहे असं वाटलं. मान वळवून नीट बघितलं. फडकं पांढरं.

त्या थांबल्या. पुन्हा दुसरीकडे बघितलं. कडेला पुन्हा काळं. पुन्हा वळून बघितलं. पांढरं.

हा माझ्या डोळ्यातला डाग, त्यांनी स्वतःला सांगितलं. डाग तर आता सगळीकडेच असतो.

बाहेर व्हरांड्यात वर्गातली साइमी हसत होती. तिला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. "साइमी, जरा इकडे ये, हे बघ." पण मग तिने विचारलं असतं, बाई, तुम्हाला दिसत नाही का? आणि मिठाच्या पाण्यात घालायची म्हटली तर दोन दिवस वाळवण. वर्गाचं वेळापत्रक मोडणार. मोडलं की मुख्याध्यापक विचारणार, का.

बाईंनी हाक मारली नाही. फडकं झटकून घडी घातली.

मंगळवारी राय दळली. काथवटीत आंबवण जागं झालं. बुधवारी पाव भाजले. मधे भोक असलेले, चपटे, गोल. दांडीला ओवून छताखाली टांगले, कारण रायचा पाव एक दिवस मुरावा लागतो. गुरुवारी सकाळी दांडी खाली आली. बारा पोरं लोण्याचा डबा मधे ठेवून बसली.

सगळ्यात जास्त साइमीने खाल्लं. साइमी वीस वर्षांची. तळ्यापलीकडच्या वाडीतली. पोटात सव्वीस आठवड्यांचं मूल. मुलाचा बाप नॉर्वेला मासळीच्या कारखान्यात गेला होता आणि फोन उचलत नव्हता. वर्गात राय कुणाचं ऐकत असेल तर तिचंच. बाईंनी तिच्यासाठी गावच्या बेकरीत शब्द टाकून ठेवला होता.

"साइमे, पाचवा तुकडा हा," वेइक्का म्हणाला. वेइक्का वर्गातला वात्रट. गाडी चालवायचा परवाना मिळून त्याला दोन महिने झाले होते आणि त्याविषयी तो रोज बोलायचा.

"दोघांचं खातेय मी. तुझ्यासारखी एकटी असून दोघांचं नाही खात."

बाई हसल्या. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता. लोण्याची सुरी पावावर फिरते तो आवाज येत होता.

खाऊन झाल्यावर वेइक्का चक्कीची खोली झाडायला गेला. थोड्या वेळाने परातीत काहीतरी घेऊन आला.

"बाई, पोत्यात उंदीर शिरलाय. लेंड्याच लेंड्या."

"बघू."

त्याने परात पुढे धरली. बाईंनी बघितलं. परातीच्या मधे काहीच नव्हतं. त्यांनी हात घातला, एक उचललं, बोटांत फिरवलं. लांबट. थोडं वाकडं. दातांत धरलं. उंदराची लेंडी चुरते. हे चुरलं नाही.

बाईंनी ते दातांतून काढून तळहातावर ठेवलं.

"बाई?" वेइक्का म्हणाला. "लेंडी खाल्लीत?"

कुणीतरी हसलं. मग काचेच्या बाटलीकडे बघून एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, हे ते आहे का?"

"हो," बाई म्हणाल्या.

हसणं थांबलं. सगळ्यांनी आधी एकमेकांकडे आणि मग साइमीकडे बघितलं. ती टेबलाशीच बसली होती. हातात अर्धा तुकडा. तिने तो सावकाश खाली ठेवला, जसं काही तो फुटेल.

विषबाधेचा नंबर भिंतीवर लावलेला होता. तो बाईंना पाठ होता. फोनवरच्या बाईने शांतपणे प्रश्न विचारले. किती जणांनी खाल्लं? कधी? आणि धान्यात ते काळं किती आहे? किलोला किती ग्रॅम? ते कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

"मोजते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तराजूकडे बघितलं आणि तराजूचे आकडे नाहीसे झाले.

"पोरांनो, बादली," त्या ओरडल्या. "मीठ. सगळं मीठ. एक किलो राय मोजून घ्या. पटकन."

मीठ विरघळलं. राय ओतली. दाणे सुर्रकन खाली गेले. आणि मग पाण्यावर काळं यायला लागलं. एक, दोन, मग एकदम पुष्कळ. बाईंना ते दिसलं. कडेने दिसलं. पाण्यावर पसरलेली एक काळी सावली. सोमवारी फडक्यावर होती तीच.

पोरांनी चमच्याने वेचून काढलं, कागदावर पुसलं, तराजूत टाकलं.

"साडेतीन ग्रॅम," वेइक्काचा आवाज फाटला. "बाई, साडेतीन म्हणजे किती? पुष्कळ ना?"

फोनवरच्या बाईने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, बाकीच्यांनी एकत्र बसा, पाणी प्या, कुणाला मुंग्या आल्या किंवा उलटी झाली तर लगेच कळवा. ती गरोदर मुलगी. तिचं पोट कडक होतंय का?

"साइमी," बाईंनी विचारलं, "पोट कडक होतंय का गं?"

"मघापासून होतंय," साइमी म्हणाली. "मला वाटलं जास्त खाल्लं."

रुग्णवाहिका तळ्याच्या पलीकडे गेली होती. यायला चाळीस मिनिटं. तुम्हीच घेऊन निघा, लवकर पोचाल, असं सांगण्यात आलं. बाईंनी किल्ल्या काढल्या. दारापर्यंत गेल्या. आणि दारात थांबल्या.

"वेइक्का. तू चालव."

"मी? तुमची गाडी? बाई, तुम्ही तर पुसायलासुद्धा देत नाही."

"माझे हात थरथरतायत."

हात थरथरत होतेच. ते खोटं नव्हतं. तरी ते खोटंच होतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

मागच्या सीटवर साइमीच्या शेजारी बसून त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला. आंबलेल्या पिठात नुसता हात घालून ते किती वेळात तयार होईल हे सांगणारा तो हात. आता त्या हाताखाली पोट हळूहळू दगड होत होतं. मग सैल पडत होतं. पुन्हा दगड. बाई मनात आकडे मोजत होत्या. सहा मिनिटं. पाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्चची पिवळी झाडं मागे पळत होती.

"बाई, हे आत्ता येणार नाही ना?" साइमीने विचारलं. "आत्ता आलं तर ते केवढंसं असेल?"

"नाही येणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. पुढे वेइक्का कुणालाही न विचारता म्हणत होता, "ऐंशीच्या वर नाही नेत मी, ऐंशीच्या वर नाही," आणि काटा शंभरावर होता.

इस्पितळात साइमीच्या पोटाला पट्टे बांधले. यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा टपटप आवाज यायला लागला. छोटा, घाईचा, एखादं पाखरू पत्र्यावर चालावं तसा. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तो आवाज मधेच मंद व्हायचा. मंद झाला की खोलीतलं सगळंच थांबायचं. मग पुन्हा घाईने सुरू व्हायचा.

डॉक्टर तरुण होती. भराभरा बोलायची. "साडेतीन ग्रॅम म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारं. दळायच्या आधी कुणी बघितलं नव्हतं?"

बाईंनी तोंड उघडलं.

"बघितलं होतं," साइमीच म्हणाली. पलंगावरून, दात आवळून. "आमच्या बाई बघतात. त्यांच्या नजरेतून कधी सुटत नाही. पोत्याच्या तळाशी असणार ते. त्यांची चूक नाही."

यंत्र टपटप करत होतं. वेइक्का दारात उभा होता. बाईंना वाटलं, आत्ता गप्प राहिलं तर हे असंच राहील. पोत्याचा तळ. उर्होकाकांचं गाढव पोरगं. ओला उन्हाळा. सगळ्यांना पटेल. आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऑक्टोबर येईल, पुन्हा पोतं येईल.

"मी बघितलं," त्या म्हणाल्या. "आणि मला दिसत नाही."

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाली.

"मार्चपासून. मधलं दिसत नाही. मी फडक्यावर बघत होते आणि जिथे बघत होते तिथलं मला दिसत नव्हतं. काळं कडेने दिसलं होतं. मी त्याला डाग म्हटलं." मग साइमीच्या दिशेने, जिथे तिचा चेहरा असायला हवा होता तिथे बघत त्या म्हणाल्या, "तू बाहेरच होतीस. मला तुझं हसणं ऐकू येत होतं. मी तुला हाक मारली नाही."

साइमीचा चेहरा कसा झालाय हे बाईंना कळायला काही मार्ग नव्हता. मग एक कळ आली आणि ती कळ ओसरल्यावर साइमी रडत ओरडली, "का नाही मारली? माझे डोळे चांगले होते ना! माझे चांगले होते!"

परिचारिकेने बाईंना बाहेर बसायला सांगितलं. वेइक्का शेजारी येऊन बसला. त्याने कॉफी आणली होती. बाईंच्या हातात कप नीट बसेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

दुपारी तीनपर्यंत औषधाने कळांमधलं अंतर वाढलं. सहापर्यंत कळा थांबल्या. थांबल्या आहेत, डॉक्टर म्हणाली. संपल्या असं मी म्हणत नाही. चार दिवस ठेवून घेऊ. पुढे रोज बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवायचं. एखादा दिवस हललं नाही तर तडक यायचं. बाकी पोरांपैकी दोघांना मळमळलं, बाकी सगळे ठीक होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लाटण्यांचा खण उपसून पत्र काढलं आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. बाईंच्या नोकरीचं काय करायचं ते अजून ठरायचं होतं.

पुढच्या आठवड्यात उर्हो कारहापा कुबड्या घेत शाळेत आले. बाई अंगणात होत्या. समोर काथवट कलती ठेवलेली, शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं, पातेल्यात लाकूड शुद्ध करायला जुनिपरच्या झुडपाच्या डहाळ्या. बाई घासत होत्या.

"इर्या!" म्हातारा ओरडला. "काय करतेस हे? नव्वद वर्षं!"

"त्यात ते पीठ आहे, काका."

"अगं पण आंबवण गेलं की सगळं!"

"गेलं."

म्हातारा कुबड्यांवर रेलून बघत राहिला. वाळलेलं पीठ आधी मऊ झालं, मग राखाडी पाणी होऊन वाहायला लागलं. त्याचा आंबट वास अंगणभर पसरला. "पोराला मी मारणार होतो," तो शेवटी म्हणाला. "पण मिठाचं पाणी मीच केलं नाही. फोनवर सांगून मोकळा झालो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्या घरच्या काथवटीतलं आंबवण देतो. तुझ्याइतकं जुनं नाही. चालेल."

बाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. पाच वाजून गेले होते.

इस्पितळातून घरी गेल्यापासून साइमी रोज पाच वाजता फोन करायची. पहिल्या दिवशी तिने मेसेज पाठवला होता. बाईंनी तो डोळ्यांसमोर धरला, बाजूला धरला, अक्षरं हाती लागली नाहीत. त्यांनी उलटा फोन केला. "मला वाचता येत नाही गं. बोलून सांगत जा." पलीकडून, "बरं." तेव्हापासून फोन. रागातच असायची. नमस्कार नाही, काही नाही. एकच शब्द. "मारली." म्हणजे बाळाने लाथ मारली. मग फोन बंद.

साडेपाच झाले. बाईंनी पहिलं पाणी ओतून दिलं आणि दुसरं घेतलं. पावणेसहा. म्हातारा काहीतरी बोलत होता. बाईंना ऐकू येत नव्हतं. फोन बाकावर होता. त्यांनी तो खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढला, ओल्या हातात धरून उभ्या राहिल्या. आपण फोन करावा का? केला आणि कुणीच उचलला नाही तर? वेइक्का कुठे असेल? गाडीच्या किल्ल्या त्याच्याकडेच होत्या. पातेल्यातल्या पाण्याची वाफ जाऊन ते गार पडलं. सहा. सहा दहा.

फोन वाजला तेव्हा तो हातातून निसटून काथवटीत पडला. बाईंनी चाचपून उचलला.

"झोप लागली होती," साइमी म्हणाली. आवाज जड होता. "आत्ता उठले."

"आणि?"

"थांबा. बघतेय."

बाई थांबल्या. पलीकडे कूस बदलल्याचा आवाज आला, मग नुसता श्वास. एक, दोन, तीन. बाईंनी काथवटीची ओली कड घट्ट धरली होती.

"बाई," साइमी म्हणाली. "मारली."

तिने फोन लगेच बंद केला नाही.